काळूच्या गाळात उरलेला पारा

सह्याद्रीच्या ज्या उत्तुंग कड्यांच्या छायेत डोळखांबचा परिसर वसला आहे, त्या आजोबा-घाटघरच्या कड्यांवर कोसळणारा पाऊस ओढ्यानाल्यांनी शाई नदीत उतरतो; शाई मुरबाड तालुक्यात माळशेजच्या डोंगरांतून आलेल्या काळूला मिळते; काळू भातसेचे पाणी पोटात घेऊन टिटवाळा-आंबिवलीचा मुलूख ओलांडते व कल्याणनजीक उल्हास नदीत विलीन होते; आणि उल्हास दुर्गाडी किल्ल्याच्या पायथ्यापासून खाडीचे रूप धारण करून वसईपाशी समुद्रास भेटते. या जलमार्गाच्या उगमाकडील टोकाला ठाकर, कातकरी व महादेव कोळी यांच्या वाड्या आहेत, खालच्या टोकाला आगरी-कोळ्यांची खाडीकाठची गावे आहेत, आणि या दोन्ही टोकांच्या माणसांच्या ताटात पिढ्यान्‌पिढ्या मासळी पडत आली आहे. मधल्या पट्ट्यात गेल्या पाऊणशे वर्षांत जे घडले, त्याचा वृत्तान्त बहुधा कारखानदारीच्या भरभराटीचा किंवा कामगारांच्या हालअपेष्टांचा म्हणून सांगितला जातो. मासळीच्या बाजूने तो क्वचितच सांगितला गेला आहे. म्हणून हा प्रयत्न.

या पट्ट्याची कीर्ती प्राचीन आहे. नाणेघाटातून जुन्नरकडे जाणारा व्यापार सातवाहनांच्या काळी कल्याण बंदरातून चालत असे आणि ग्रीक दर्यावर्दींच्या लेखनात या बंदराचा ‘कल्लिएना’ म्हणून निर्देश आहे. १६५७ साली शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी हस्तगत केली आणि याच खाडीत मराठ्यांच्या आरमाराचा प्रारंभ झाला. १८५४ साली आगगाडी कल्याणास पोहोचली. तथापि या दोन सहस्रकांत नदीच्या पाण्यात माणसाने जे काही टाकले, ते कुजणारे, विरघळणारे किंवा वाहून जाणारे होते. नदी आपली आपण शुद्ध होते, या समजुतीस तोवर अनुभवाचा आधार होता.

तो आधार सुटला स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर. १९४६ साली नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशन ही कंपनी स्थापन झाली आणि उल्हास व काळू या दोन नद्यांच्या मधल्या मोहने-आंबिवलीच्या भूमीवर तिचा प्रचंड कारखाना उभा राहिला. पुढे पन्नाशीच्या दशकात शहाड येथे सेंच्युरी रेयॉन आली. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासितांची वसाहत झाली व १९४९ साली तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. आणि १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आल्यावर डोंबिवली, अंबरनाथ, बदलापूर या गावांभोवती रंग, औषधे व रसायने यांच्या कारखान्यांची दाटी झाली. पाणी मुबलक, लोहमार्ग दाराशी, मुंबईची बाजारपेठ हाकेच्या अंतरावर, अशी ही जागा होती. या कारखान्यांनी शहापूर-मुरबाडच्या खेड्यांतील कित्येक घरांत पहिला मासिक पगार आणला, मुलांना शाळेत धाडले, कर्जे फेडली, हे मी विसरत नाही. आणि ज्यांनी ते पगार घेतले, त्यांच्याकडे बोट दाखविण्याचा अधिकार कोणास आहे असेही मला वाटत नाही. परंतु उपकाराच्या जमाखर्चात खर्चाची बाजू कोरी ठेवण्याचा जो शिरस्ता पडला, तो अन्यायाचा होता.

रेयॉन म्हणजे कृत्रिम रेशीम. लाकडाचा लगदा कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात मुरवून, कार्बन डायसल्फाइडशी त्याचा संयोग घडवून, जो मधासारखा दाट रस तयार होतो, तो सूक्ष्म छिद्रांतून गंधकाम्ल व जस्ताचे क्षार असलेल्या कुंडात सोडला की त्याचा धागा होतो. यास कॉस्टिक सोडा अपरिमित लागतो, आणि त्या काळी तो करण्याची प्रचलित रीत पाऱ्याची होती. लांबट, किंचित उतरत्या पोलादी पात्राच्या तळावरून पाऱ्याचा पातळ थर वाहता ठेवायचा. त्यावरून मिठाचे संपृक्त पाणी सोडून विद्युत्‌प्रवाह द्यायचा. वर क्लोरिन वायू निघतो आणि मिठातील सोडियम पाऱ्यात मिसळून जाते. तो मिश्र पारा दुसऱ्या पात्रात पाण्याशी येताच सोडियम पाण्यात उतरून कॉस्टिक सोडा होतो, आणि मोकळा झालेला पारा पुन्हा पहिल्या पात्राकडे जातो. कागदावर पाहता पारा खर्च होतच नाही. प्रत्यक्षात तो मिठाच्या गाळाबरोबर, पात्रे धुतलेल्या पाण्याबरोबर, वाफेबरोबर थोडा थोडा निसटत राहतो, आणि कारखान्यास वेळोवेळी नवा पारा विकत घ्यावा लागतो. हा जो विकत घ्यावा लागणारा पारा, तोच निसर्गात गेलेला पारा. त्याचा हिशेब कारखान्याच्या खरेदीवहीत असे, परंतु तो नदीच्या नावे मांडण्याचे कोणास सुचले नाही.

याच सुमारास, पूर्वेकडे हजारो कोसांवर, जपानच्या मिनामाता नावाच्या कोळीवस्तीत मांजरे वेडीवाकडी नाचू लागली व समुद्रात पडून मरू लागली. १ मे १९५६ रोजी तिथल्या चिस्सो या रसायन-कंपनीच्याच रुग्णालयाचे प्रमुख डॉ. होसोकावा यांनी आरोग्य कचेरीस कळविले की, कारण न उमगणारा मज्जासंस्थेचा विकार जडलेले रुग्ण आपल्याकडे येत आहेत. हात थरथरत, दृष्टी आकुंचित होई, वाचा जडावे. आणि ज्या मातांना स्वतःला फारसा त्रास नव्हता, त्यांच्या पोटी जन्मतःच पंगू मुले येत. १९५९ साली कुमामोतो विद्यापीठाच्या संशोधकांनी सेंद्रिय पाऱ्याकडे निर्देश केला. त्याच वर्षी होसोकावांनी कारखान्याचे सांडपाणी अन्नात मिसळून एका मांजरास खाऊ घातले आणि त्यालाही तोच विकार जडला. परंतु हा निष्कर्ष दडपण्यात आला. सरकारने सत्य अधिकृतपणे मान्य केले ते १९६८ च्या सप्टेंबरात. मधल्या काळात लोक तीच मासळी खात होते, कारण त्यांच्याजवळ दुसरे खाण्यास काही नव्हते. पुढे अधिकृतपणे नोंद झालेल्या रुग्णांची संख्या दोन हजारांवर गेली.

मिनामातेतील विष कारखान्यातूनच सेंद्रिय रूपात बाहेर पडत होते. आपल्याकडील कॉस्टिक सोड्याच्या कारखान्यांतून निघणारा पारा साधा, असेंद्रिय. तेव्हा तुलना अप्रस्तुत आहे, असा युक्तिवाद कारखानदारांना करता आला असता. परंतु साठीच्या दशकाच्या उत्तरार्धात जेन्सेन व येर्नेलोव्ह या स्वीडनमधील शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की, तळ्याच्या व नदीच्या तळाशी, जिथे प्राणवायू पोहोचत नाही अशा काळ्या चिखलात राहणारे सूक्ष्म जीवाणू साध्या पाऱ्याचे मिथिल पाऱ्यात रूपांतर करतात. कारखान्याने जे केले नाही, ते गाळ करतो. कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात याचे दारुण प्रत्यंतर आले. १९६२ ते १९७० या अवधीत ड्रायडन गावच्या क्लोरिन-सोड्याच्या कारखान्यातून सुमारे नऊ टन पारा वाबिगून नदीत गेला, आणि नदीच्या खालच्या अंगास ग्रासी नॅरोज येथे राहणाऱ्या, मासेमारीवर जगणाऱ्या आदिवासींच्या शरीरांत तो मासळीवाटे पोहोचला. सरकारने मासेमारी बंद केली. म्हणजे विषही त्यांच्याच वाट्याला आले आणि उपजीविकेचा नाशही. शहापूर-मुरबाडच्या माणसाने मिनामातेपेक्षा हे दुसरे उदाहरण अधिक ध्यानात ठेवावे, असे मला वाटते. कारण तिथली रीत, तिथली नदी आणि तिथली माणसे ही आपल्याला अधिक जवळची आहेत.

मिथिल पारा मासळीत कसा साठतो, हे थोडे विस्ताराने सांगणे अवश्य आहे. कारण या विषयातील सारे गैरसमज याच ठिकाणी उगवतात. पाण्यात त्याचा अंश अतिशय सूक्ष्म असतो. पाण्यातील शेवाळ व सूक्ष्म वनस्पती तो प्रथम शोषतात, आणि सर्वांत मोठी उडी हीच असते. शेवाळावर सूक्ष्म किडे जगतात, किड्यांवर कोळंबी व लहान मासे, त्यांवर मोठे मासे. प्रत्येक पायरीवर खाणाऱ्याच्या देहातून अन्न जळून जाते, परंतु पारा बाहेर पडत नाही, किंवा पडतो तो अतिशय सावकाश. सावकाराच्या वहीत मुद्दलावर व्याज चढत जावे आणि फेड मात्र कधी होऊ नये, तशी ही गती असते. म्हणून मासा जितका वयस्क, जितका मोठा आणि जितका शिकारी, तितका त्यात पारा अधिक. आपल्या खाडीत बोय गाळ चाळून पोट भरते, जिताडा बोय आणि कोळंबी गिळतो. तेव्हा पाहुण्यांसाठी ज्या जिताड्याला मान, त्याच्याच अंगी हा साठा सर्वांहून मोठा होण्याचा संभव असतो. गोड्या पाण्यात हीच जागा मरळ आणि वाम यांची.

आणि हा पारा कोठे बसतो? डीडीटीसारखी द्रव्ये चरबीत साठतात. मिथिल पारा मांसातील प्रथिनांना चिकटतो. स्वयंपाकघरात विळीवर बसून बाई मासा साफ करते, खवले काढते, कल्ले उपटते, आतडी बाजूला करून मांजरापुढे टाकते, मीठ-हळद चोळून दोनदा पाणी ओतून देते. आणि इतके करून जे तुकडे ती आगळ लावून तव्यावर टाकते, नेमके त्यांतच तो असतो. तळल्याने तो उडत नाही, उकडल्याने तो उतरत नाही, आणि सुकवल्याने पाणी निघून गेल्यावर त्याचे प्रमाण किलोमागे उलट वाढते. त्याला वास नाही, रंग नाही, चव नाही. नदीत मासे मरून तरंगू लागले की वर्तमानपत्रात छायाचित्र येते, अधिकारी पंचनामा करतात, चार दिवस गवगवा होतो. परंतु पारा साठलेला मासा मरत नाही. तो जाळ्यात उड्या मारतो, त्याचे डोळे स्वच्छ आणि कल्ले लालभडक असतात, आणि बाजारात त्याला चांगला भाव येतो.

मग कायद्याने काय केले? महाराष्ट्राने १९६९ साली जलप्रदूषण प्रतिबंधाचा कायदा केला आणि ७ सप्टेंबर १९७० रोजी प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन झाले. केंद्राचा कायदा त्यानंतर १९७४ साली आला. देशात ज्या थोड्या राज्यांनी ही दृष्टी इतक्या लवकर दाखविली त्यांत आपले राज्य होते, आणि याचे श्रेय दिलेच पाहिजे. परंतु त्या कायद्याची सारी यंत्रणा पाण्याभोवती उभी राहिली. कारखान्यास संमतिपत्र द्यायचे, त्यात सांडपाण्याच्या मर्यादा लिहायच्या, नाल्याच्या तोंडाशी बाटली भरून नमुना घ्यायचा आणि तो मर्यादेत बसला की दप्तर मिटायचे, ही वहिवाट झाली. तिचा दोष साध्या गणिताने कळतो. पिण्याच्या पाण्यात पाऱ्याची मर्यादा लिटरमागे ०.००१ मिलिग्रॅम आहे; मासळीत ती किलोमागे ०.५ मिलिग्रॅम धरली गेली. समजा, नदीचे पाणी मर्यादेच्या शंभराव्या हिश्श्याइतके निर्मळ आहे. तरी मासळीत जर एक लाख पटीने साठा झाला, आणि पाऱ्याच्या बाबतीत असा साठा होतो हे सर्वमान्य आहे, तर त्या मासळीत किलोमागे १ मिलिग्रॅम पारा भरेल, म्हणजे मर्यादेच्या दुप्पट. पाणी निर्दोष आणि मासा दोषी, असा हा निवाडा. ज्या कचेरीत केवळ पाण्याची बाटली हजर होते, तिथे खाणाऱ्याची फिर्याद दाखलच होऊ शकत नाही.

काळूच्या बाबतीत ती फिर्याद प्रथम दाखल केली ती वैज्ञानिकांनी. मुंबईच्या विज्ञान संस्थेतील प्रा. बी. सी. हलदार यांनी आंबिवलीच्या पट्ट्यातील काळूचे पाणी, गाळ व पाणवनस्पती यांतील जड धातूंचा अभ्यास केला, आणि पाण्यापुरते न थांबता, वनस्पती चरणाऱ्या जनावरांकडे व पुढे माणसाकडे हे धातू कसे सरकतात, हा प्रश्न उपस्थित केला. दिल्लीच्या ‘सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट’ या संस्थेने १९८२ साली देशाच्या पर्यावरणस्थितीचा पहिला नागरिक अहवाल प्रसिद्ध केला, त्यात या नदीची दखल घेतली गेली. १९८१ साली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या झिंगडे व देसाई यांनी ठाण्याच्या खाडीतील व मुंबई बंदरातील पाऱ्यावर शोधनिबंध लिहिला, आणि २००३ साली त्याच संस्थेच्या संशोधकांनी उल्हासच्या खाडीतील गाळाचे उभे नमुने काढून, थरांचे वय ठरवून, कोणत्या काळात किती पारा आला याचा माग काढला. इतिहासलेखकास याहून विश्वसनीय दस्तऐवज कोणता मिळणार? कारखान्यांची दप्तरे हरवतात, कंपन्या मोडीत निघतात, अधिकारी बदलतात. गाळ वर्षामागून वर्ष आपली नोंद ठेवीत जातो.

गाळाला खाडीबाहेर जाण्याची घाईही नसते. पावसाळ्यात लोंढा पुष्कळ काही समुद्राला नेऊन घालतो, हे खरे. परंतु दिवाळीनंतर काळूला पाणी राहत नाही, ती डोहाडोहांत तुटते. उल्हासला भिवपुरीच्या वीजगृहातून सुटणाऱ्या पाण्याचा थोडाफार आधार असतो, पण भरतीचा जोर कल्याणच्या पुढेही जाणवतो. त्यामुळे वरून आलेले सांडपाणी ओहोटीबरोबर काही कोस खाली जाते आणि भरतीबरोबर परत वर येते; आठ महिने हे येणे-जाणे चालते, आणि त्या अवधीत जे जड ते खाली बसते. निवटी, खरबी, चिंबोरी यांचा जन्म आणि संसार याच चिखलात. खाडीकाठच्या वृद्ध कोळ्यांना ही मासळी कोणत्या काळात विपुल होती आणि केव्हापासून तिला रॉकेलसारखा वास येऊ लागला, हे तोंडपाठ असते. त्यांच्या साक्षी कोणी शपथेवर लिहून घेतल्या नाहीत.

इकडे डोळखांबच्या बाजूस, मृगाचा पहिला दणका पडून ओढे तांबड्या पाण्याने भरले की वलगण चढते. अंड्यांनी पोट फुगलेले मासे प्रवाहाच्या उलट, ओढ्यांतून, पऱ्ह्यांतून, भाताच्या खाचरांच्या बांधांवरून उड्या घेत वर येतात, आणि रात्री बत्त्या, टेंभे घेऊन वाडीतली माणसे, पोरेबाळे पाग आणि टोपल्या सावरीत पाण्यात उतरतात. गरिबाच्या घरी वर्षातले पहिले पोटभर कालवण या रात्री शिजते. अवणीच्या दिवसांत, जेव्हा कणगीतले धान्य संपत आलेले असते आणि खावटीचे कर्ज डोक्यावर असते, तेव्हा ही मासळीच अंगात काम करण्याचे बळ देते. आमच्या वरच्या पाण्यात मोहन्याचा पारा नाही. पाणी उलटे वाहत नाही, आणि इथे ओढ्यात जन्मलेले मळे मासे आंबिवली पाहत नाहीत. तरीही नदीचे वरचे व खालचे अंग हे नकाशावर वाटतात तितके विभक्त नसते. मासे चढतात, बाजार त्याहून दूर जातो. शहापूर-मुरबाडच्या आठवडे बाजारांत खाडीची व समुद्राची सुकी मासळी गोण्यांनी येते. आणि औद्योगिक वसाहती आता कल्याणच्या खालीच थांबलेल्या नाहीत, मुरबाडला आणि आसनगाव-वाशिंदच्या अंगास त्या केव्हाच आल्या आहेत.

पाऱ्याची रीत अखेर मोडली, पण सावकाश. २००३ साली केंद्रीय पातळीवर उद्योगांशी जो करार झाला, त्यात पाऱ्याची पात्रे २०१२ पर्यंत बंद करून पाऱ्याविना चालणाऱ्या पडद्याच्या (मेम्ब्रेन) पद्धतीकडे वळण्याची हमी होती. २०१३ साली जपानमध्ये पाऱ्यावरील जागतिक करार झाला, त्याला मिनामातेचेच नाव देण्यात आले, आणि भारताने त्यावर २०१८ साली शिक्कामोर्तब केले. मोहन्याच्या रेयॉन कारखान्यास त्यापूर्वीच, २००९ च्या नोव्हेंबरात टाळे लागले, आणि हजारो कामगार आपल्या देण्यांसाठी वर्षानुवर्षे तिष्ठत राहिले. २०१५ साली राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ‘वनशक्ती’ संस्थेच्या अर्जावर उल्हास-वालधुनीच्या प्रदूषणाबद्दल सामाईक सांडपाणी केंद्रे आणि नगरसंस्था यांस मिळून सुमारे ९५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. हे सारे स्वागतार्ह आहे. परंतु टाळे लागलेल्या कारखान्याचा पारा गाळातून उठून जात नाही; ड्रायडनचा कारखाना थांबून अर्धे शतक लोटले तरी तिथल्या मासळीत तो सापडतोच आहे. आणि जेव्हा खाडीत भराव पडतो, रेतीसाठी सक्शन पंप लागतात, पुलांचे खांब रोवले जातात, तेव्हा चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचा खालचा थर वर येऊन पुन्हा पाण्याशी मिळतो.

या प्रकरणी शासनाकडे माझी एकच दरखास्त आहे, आणि ती अवाढव्य खर्चाची नाही. काळू, भातसा, उल्हास आणि वसईची खाडी यांतील बोय, जिताडा, मरळ, वाम, चिंबोरी व कोळंबी यांचे नमुने दर वर्षी, पावसाळ्यापूर्वी एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा, ठरलेल्या जागी घेऊन त्यांतील पारा, जस्त, शिसे यांची तपासणी व्हावी. तपासणीचे आकडे मराठीत छापून काठावरच्या प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लावले जावेत. आणि कोणती मासळी गरोदर बाईने व लहान मुलाने किती खावी, हे तलाठी-ग्रामसेवकांपासून अंगणवाडीपर्यंत सर्वांना ठाऊक असावे. मुरबाड-शहापूरच्या नव्या कारखान्यांना संमतिपत्र देताना त्यांच्या खालच्या अंगाची मासळी आधी तपासून तिची नोंद ठेवली, तर पुढच्या पिढीस निदान तुलना करण्यास काही आधार राहील. या गावांच्या ग्रामसभांनी असे ठराव करून ते जिल्हाधिकारी कचेरीत दाखल करावेत, ही वाचकांस विनंती.